घंगाळाच्या काठावरचं नाव

एक नाव मी पुसून टाकलं आहे, हे आधीच सांगतो. चिंचेने घासलेल्या पितळेचा आंबूस वास आला की ते आठवतं, आणि हा वास तर माझ्या रोजच्या जगण्याचा आहे. गुडगावच्या आठवडी बाजारात माझा जुन्या वस्तूंचा स्टॉल आहे. देवाच्या दयेने उत्तम चालतो. आज सकाळी एक कळशी घासून उन्हात ठेवली, तर एका मुलीने कळशीच्या गळ्यावरच्या ठिपक्यांच्या अक्षरांवरून बोट फिरवत विचारलं, "भैया, ये किसका नाम है?" मी वाचून दाखवलं. हल्ली प्रत्येकाला दाखवतो.

या धंद्याला मला लावलं ते शेजारच्या काकूंनी. बायकोला मिळालेल्या, दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही राहायचो. माझी नोकरी सुटलेली, आणि दिवस संपता संपत नसे. काका निवृत्त झाले, तेव्हा पुण्याच्या दोन खोल्यांत मावणार नाहीत अशी सगळी भांडी काकूंनी माझ्यापुढे मांडली. "नुसता बसून राहिलास तर गंजशील. ही घे. आणि विकायला दिली म्हणू नकोस, नांदायला दिली म्हण." त्यांत त्यांच्या आईचं घंगाळ होतं. काठावर कासाराने एकेक ठिपका ठोकून घातलेलं नाव, शेजारी गावाचं. आईला अक्षर येत नव्हतं. "दारावर नाही, जमिनीच्या कागदावर नाही, तिचं नाव एवढ्या एकाच ठिकाणी आहे रे. ज्या घरी देशील तिथे तेवढं वाचून दाखव." "बिल्कुल, काकू," मी म्हणालो होतो.

माझं पहिलं मोठं गिऱ्हाईक त्या घंगाळावरच भाळलं. "पीस तो सुंदर है, पर मेरे ड्रॉइंग रूम में किसी और का नाम? हटवा दीजिए, अभी ले लूँगी." मला थांबता आलं असतं. निदान ते वाचून तरी दाखवता आलं असतं. मी घंगाळ उचलून पॉलिशवाल्याकडे नेलं. चाक फिरलं, पितळेची पिवळी भुकटी उडाली, आणि काठ आरशासारखा गुळगुळीत झाला. त्यात मला माझाच चेहरा दिसला. पुढे त्या घरात घंगाळात फुलं तरंगली, त्यांचे फोटो फिरले, आणि ते फोटो दाखवत लोक माझा स्टॉल शोधत येऊ लागले. आज आमचं जे काही बरं चाललं आहे, ते त्या घंगाळातल्या पाण्यावरच तरंगतं आहे.

दिवाळीला काकूंचा फोन ठरलेला. "काय रे, आमची आई कशी आहे?"

"मजेत, काकू. फुलं घालून बसलीय."

"बघ! माझ्याकडे नुसती माळ्यावर पडून असायची. नाव वाचतात ना तिचं?"

"वाचतात की."

असं मी वर्षानुवर्षं म्हणत आलो. पण त्या घंगाळानंतर एकाही भांड्यावरचं नाव पुसू दिलं नाही. त्यापायी गिऱ्हाइकं परत गेली, तरी नाही.

गेल्या हिवाळ्यात काकू एका लग्नासाठी दिल्लीला आल्या आणि मेतकुटाची पिशवी घेऊन थेट स्टॉलवर हजर झाल्या. काठी टेकत त्यांनी सगळी मांडणी पाहिली, काठांवरून बोटं फिरवत नावं मोठ्याने वाचली, हिंदीतलीसुद्धा. मग स्टुलावर बसून म्हणाल्या, "सगळ्या बाया नावानिशी उभ्या केल्यास रे! आईला चांगल्या हाती दिलं मी." ते कौतुक मला सोसवेना.

"काकू, तुमच्या आईचं नाव मी घासून काढलं. गिऱ्हाइकाला नको होतं म्हणून. फोनवर खोटं बोलत आलो. मला माफ करा."

बाजूला कोणी दिव्याचा भाव करत होतं. मी चहा मागवला, तो त्यांनी घेतला नाही. गुळगुळीत काठावर शोधावं तसं त्यांचं बोट स्वतःच्या काठीवरून फिरत राहिलं.

"आठवतं तरी का तुला ते?" अखेर त्यांनी विचारलं.

आठवत होतं. ठिपका न् ठिपका आठवत होता. मी ते गावासकट म्हणून दाखवलं.

"मग माझी कसली माफी मागतोस? तिची माग."

त्या भर बाजारात, गिऱ्हाइकांच्या देखत, मी ते पूर्ण नाव पुन्हा एकदा मोठ्याने घेतलं आणि हात जोडले. "आजी, चुकलो मी."