गप्प राहील त्याची संमती

ढोकीजवळच्या साखर कारखान्यात मी प्रयोगशाळेत होतो. नवे मॅनेजर आले ते पुस्तकं घेऊनच. पहिल्याच बैठकीत त्यांनी युरोपातल्या जुन्या तत्त्वज्ञांचा विचार सांगितला, की राज्य चालतं ते लोकांच्या संमतीवर आणि कारखानाही तसाच चालवायचा. लगेच म्हणाले, "हंगाम संपेपर्यंत साप्ताहिक सुट्टी बंद. गप्प राहील त्याची संमती धरतो."

आम्ही सगळे गप्प. आमच्याकडं सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांनाही कुणी तोंडावर नाही म्हणत नाही. घरचे गप्प बसले की पाहुणे काय ते समजून उठतात. हा माणूस खुर्चीत रेलून हसला. सुट्टी बंद झाल्यानं माझ्या भाचीचा साखरपुडा मला हुकला. मी ते विसरलो नाही.

हंगाम संपल्यावर चेअरमननी आम्हाला बोलावून मॅनेजरांसमोरच विचारलं, "यांना मुदतवाढ देत नाही. कुणाची हरकत?"

मी सगळ्यांत जुना, म्हणून मॅनेजरांनी माझ्याकडं पाहिलं. मी फरशीकडं बघत राहिलो.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "एक शब्द तरी बोलायचा होता."

"साहेब, गप्प राहील त्याची संमती. तुम्हीच शिकवलंत."

पहिली संमती त्यांनी ओरबाडली होती. ही मात्र मी मनापासून दिली.