मारेगाव रोडवरची वैशू

आमच्या सायकल ग्रुपमध्ये सायकल कमी चालते आणि तोंड जास्त. वणीतले आम्ही सात-आठ जण, सगळे पन्नाशीच्या आगेमागे, सगळ्यांना कुणी ना कुणी ‘वजन कमी करा’ म्हणून दम दिलेला. सकाळी निघायचं, मारेगाव रोडला जायचं, हॉटेलात तर्री-पोहे हाणायचे आणि जेवढं जाळलं त्याच्या दुप्पट भरून परत यायचं. प्लेट येईपर्यंत कुणीतरी म्हणतंच, “सर, वैशूचा तो किस्सा सांगा ना!” सर म्हणजे मी. ज्युनियर कॉलेजात भूगोल शिकवतो.

वैशू एकविसाव्या वर्षी गेली. आमच्यात होती ती जेमतेम तीन वर्षं. तेवढ्यात एका माणसाचे किती किस्से जमावेत? पण सांगता सांगता कुणाला तरी एखादा नवा आठवतो, आणि ज्याला आठवतो त्याचे पोहे थंड होतात.

०

पहिला किस्सा ओळख व्हायच्या आधीचा. आमच्या नंदूभाऊचं हार्डवेअरचं दुकान आहे. त्याने नवी गिअरची सायकल घेतली होती. हेल्मेट, गॉगल, हातमोजे, सगळं मॅचिंग! तो ऐटीत पुढे आणि आम्ही मागे धापा टाकत. इतक्यात बाजूने एक मुलगी आली. अंगात सलवार-कमीज, शाळेत मिळालेली लेडीज सायकल, समोर बास्केट, बास्केटमध्ये जेवणाचा डबा. तिचे वडील ट्रकड्रायव्हर, त्यांची गाडी मारेगावला गॅरेजात उभी होती, त्यांना डबा द्यायला निघालेली.

“काका, जरा बाजूले!” घंटी वाजवून ती निघूनही गेली.

नंदूभाऊ म्हणाला, “मागून वारा हाय ना तिच्या, म्हणून.”

वारा आमच्याही मागूनच होता. पण मित्र आहे, कोण बोलणार?

पोहे खाऊन परत फिरलो. आता वारा तोंडावर. अर्ध्या रस्त्यात मागून घंटी वाजली. “काका, जरा बाजूले!”

नंदूभाऊ सायकलवरून उतरला आणि ओरडला, “पोरी, थांब! नाव काय तुहं?”

आठवड्याभरात ती मॅचिंग सायकल वैशूकडे होती. “मले सीट टोचते तिची,” एवढंच नंदूभाऊ म्हणाला.

०

वैशू बंजाऱ्यांची. रस्त्यापासून आत तिचा तांडा. पोरगी रोज पहाटे साठ-सत्तर किलोमीटर मारून येते याचं तांड्याला कौतुक होतं, फक्त तिच्या दादीला सोडून. दादी म्हणजे आजी. म्हातारी एकदा मलाच बोलली.

“मास्तर, आमची मानसं बैलावर मीठ लादून मुलूखभर फिरत. हे पोरगी कुठं जाते?”

“राळेगावकडे जाते, दादी.”

“मंग तिथून काय आणते?”

“काही नाही.”

“रिकामी जाते अन् रिकामी येते?” दादीने कपाळावर हात मारला. “अवो, मंग जाते कायले!”

वैशूने ते मनावर घेतलं. त्या दिवसापासून तिच्या जर्सीच्या मागच्या खिशातून रोज काहीतरी निघायचं. कधी मेथीची जुडी, कधी दोन कवठं, कधी नुसती कोथिंबीर. सायकलवाले त्या खिशात केळी आणि ग्लुकोज ठेवतात. आमची पोरगी वांगी आणायची! दादी खूश झाली. नातीच्या फेऱ्यांना आता तिच्या लेखी अर्थ होता.

०

आमच्या कॉलेजात आरोग्य शिबिर होतं, वैशूलाही बोलावलं होतं. बाहेरून एक तरुण डॉक्टर आला होता. त्याने वैशूची नाडी धरली, घड्याळाकडे पाहिलं, पुन्हा धरली. मग मशीन लावलं. मग दुसरं मशीन मागवलं.

“चक्कर येते का?”

“नाही.”

“अशक्तपणा वाटतो?”

“नाही.”

“मग काय होतं तुला?”

“भूक लागते, सर.”

त्याने घाबरून अँब्युलन्सला फोन लावला. मी आमच्या ग्रुपमधल्या डॉक्टरांना हाक मारली. ते दातांचे डॉक्टर, पण सायकलचं वेड असल्यामुळे त्यांना ठाऊक होतं. ते म्हणाले, “अहो, रेस मारणारी मुलगी आहे ही. रोजच्या मेहनतीने हृदय दणकट झालंय. बेचाळीस ठोक्यांत तिचं काम भागतं. आपल्याला सत्तर-ऐंशी लागतात.”

तोवर अँब्युलन्स दारात येऊन उभी राहिलेली. आता अँब्युलन्सवाल्याला काय सांगायचं, या विचारात आम्ही होतो. वैशू ड्रायव्हरच्या खिडकीशी गेली.

“दादा, किती पळते हे गाडी? रेस लावता का गेटपर्यंत?”

०

आता हसण्यावारी न्यायची नाही अशी गोष्ट सांगतो. तिला एकच हवं होतं. महाराष्ट्राची जर्सी. नोकरी नाही, पेपरात फोटो नाही. “मले राज्याच्या टीममधे जायचं हाय, सर,” हे ती बसचा टाइम सांगावा तसं सांगायची.

पहिल्यांदा निवडीच्या रेसला नाशिककडे गेली. घाटात पंक्चर झालं, ते काढेपर्यंत घोळका पुढे निघून गेला. अशा रेसमध्ये सगळ्यात मागून एक गाडी येते. जे फार मागे पडले त्यांना आत घेते. गाडी आली, पंचांनी दार उघडलं, “बस बाळा, संपलं तुझं.”

“सायकल चालू हाय ना, साहेब.”

“रस्ता आता ट्रॅफिकला उघडणार.”

“उघडा ना. ट्रॅफिकमधेच शिकली मी.”

त्यांनी तिचा नंबर काढून घेतला. ती तशीच निघाली. शेवटच्या रेषेवर पोचली तेव्हा बक्षीस समारंभ उरकला होता. मंडपवाले खुर्च्यांवर खुर्च्या चढवत होते. रेषेची कमान आडवी पडलेली. वैशूने सायकल उचलून ती कमान ओलांडली आणि एका मंडपवाल्याला विचारलं, “दादा, कितवी आली मी?”

तो म्हणाला, “तुझ्यामागे कोणी दिसत नाही, बाई.”

“मंग मी शेवटली,” ती म्हणाली. “लिहून घ्या.”

पुढच्या वर्षी पाचवी आली. निवड पहिल्या चौघींची. आम्ही हॉटेलात तोंडं पाडून बसलो होतो. ती पोह्यांची दुसरी प्लेट मागवत म्हणाली, “असे काहून बसले? चौथी आली तिच्या मागं मी दिवसभर होती. चढावर ते गळते. आता मले ठावं झालं ना!”

०

तिसऱ्या वर्षी निवडीची रेस दिवाळीनंतर होती. सप्टेंबरात तिला ताप आला. प्रॅक्टिस बुडेल म्हणून तिने तो अंगावर काढला. डेंग्यू निघाला. वणीहून तिला नागपूरला हलवलं. आमचे दातांचे डॉक्टर आणि मी भेटायला गेलो. नेहमी उन्हात रापलेली पोरगी चादरीसारखी पांढरी पडली होती.

“सर, रेसची तारीख बदलली तं नाही ना?”

“नाही.”

“बरं. सोमवारी उठते मी.”

बाहेर आल्यावर नर्सने आम्हाला धीर दिला. चांगली बाई होती. म्हणाली, “काळजी करू नका, पल्स नव्वद आहे. नॉर्मल.”

डॉक्टर बाकावर बसले.

“काय झालं?” मी विचारलं.

“नॉर्मल आहे, सर,” ते म्हणाले. “तुमच्या-माझ्यासारखी.”

दुसऱ्या दिवशी ती गेली. मला अजून राग येतो. राग काढायला समोर माणूस तरी हवा, इथे डासावर किती रागावणार? त्यानंतर महिनाभर आम्ही कुणी सायकलला हात लावला नाही. मग एका सकाळी नंदूभाऊ सगळ्यांच्या घरापुढे घंटी वाजवत फिरला. “उठा रे! ते असती तं शिव्या देल्या असत्या!” त्या दिवशी पोटं सांभाळत आम्ही पहिल्यांदा पोह्यांचं हॉटेल ओलांडून पुढे गेलो. आता रोजच जातो.

०

हा शेवटचा किस्सा तिच्या वडिलांनी सांगितलेला. म्हणजे अर्धा त्यांनी सांगितला, उरलेला मी डोळ्यांनी पाहिला.

प्रेमसिंगभाऊ कोळशाचा ट्रक चालवतात. सकाळी रिकामी गाडी घेऊन खाणीकडे निघायचे. पाचवी आल्यानंतर वैशू त्या गाडीच्या मागे सायकल लावू लागली. ट्रक वारा अडवतो, त्यामुळे सायकलला रेसचा स्पीड धरता येतो, आणि असा स्पीड आम्ही पोहेवाले तिला जन्मात देऊ शकलो नसतो. प्रेमसिंगभाऊ एका चालीने गाडी हाकायचे, आणि नजर सारखी डाव्या आरशात. पोरगी दमली, मान खाली गेली, की त्यांचा पाय आपोआप सैल पडायचा.

हे वैशूच्या लक्षात आलं. एका सकाळी तिने गाडी थांबवली, क्लीनरच्या बाजूने वर चढली आणि तो आरसा मिटवून टाकला.

“बा, तू पाहतं अन् गाडी हळू करतं. रेसमधे माह्यासाठी कोणी हळू करन का? पाहू नको.”

“अन् तू मागं राह्यली तं?”

“राह्यली तं राह्यली. तू चालव.”

“सर, तेवढा रस्ता जीव मुठीत धरून चालवो मी,” प्रेमसिंगभाऊ सांगत होते. “पोरगी मागं हाय का नाही, काही कळे ना. पेट्रोलपंपापाशी थांबो. मंग गाडीच्या मागच्या फाळक्यावर थाप पडे अन् ते म्हणे, ‘आली, बा!’ पयल्या दिवशी थाप पडाले लय वेळ लागला. मंग मंग मी थांबलो का थाप पडेच.”

तेरवी झाली आणि प्रेमसिंगभाऊ पुन्हा गाडीवर गेले. आमच्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्यावर एका सकाळी फाट्यावर आम्ही सायकली टेकवून पाणी पीत होतो. त्यांचा रिकामा ट्रक आला. ट्रॅफिक हवालदाराने हात केला.

“डावा आरसा मिटवला काहून? उघड.”

“नाही उघडत, साहेब.”

हवालदाराने वर हात घालून ओढला. आरसा अलगद उघडला. “हा तं चांगला उघडते!”

प्रेमसिंगभाऊ खाली उतरले, समोरून वळसा घालून त्या बाजूला आले आणि त्यांनी आरसा पुन्हा मिटवला.

“पंपापाशी उघडतो, साहेब,” ते म्हणाले. “इथं पोरीनं पाहू नको म्हटलं हाय.”