आबांचा कान

जुन्या कॅमेऱ्यांचा नाद असलेली चार माणसं एकत्र आली की कॅमेऱ्यांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. कॅमेऱ्याचा कंटाळा आला तर तो विकता येतो, कुणाशी बदलता येतो. किस्सा कोण बदलून देणार? नव्वदच्या दशकातले असे बरेच माझ्याकडे पडून आहेत. त्यातले बहुतेक आबांचे.

सुरतला पर्वत पाटियाजवळ जयेशभाईंचा फोटो स्टुडिओ होता. दर रविवारी सकाळी तिथे आमची बैठक. जयेशभाई, शाळेत शिकवणारे सोनवणे सर, हजीऱ्याच्या एका कंपनीत नोकरी करणारा मी, आणि निंबा आबा. आम्ही तिघं जुने कॅमेरे घ्यायचो, विकायचो, अदलाबदल करायचो. आबांकडे स्वतःचा एकही कॅमेरा नव्हता. तरी त्यांच्याशिवाय आमचं पान हलत नसे!

*

आबा खानदेशातले. सुरतेत लूमच्या खात्यात, म्हणजे विणकामाच्या कारखान्यात, फिटर होते. चाळीस लूम एकदम खडखडत असताना त्यातला कुठला बिघडलाय हे ते दारातून आवाजावर सांगायचे.

स्टुडिओत ते पहिल्यांदा आले ते पासपोर्ट फोटो काढायला. जयेशभाईंनी बटण दाबलं. आबा स्टुलावरून उठले आणि म्हणाले, “भाऊ, तुमना कॅमेरा थकेल शे. दम लागेल शे त्याले.”

जयेशभाई पोट धरून हसले. संध्याकाळी फोटो धुतले, तर त्या दिवसाची सगळी गिऱ्हाइकं पांढरीफटक! शटर खरोखरच रेंगाळत होतं. दुसऱ्या दिवशी जयेशभाई स्वतः खात्यात जाऊन आबांना शोधून घेऊन आले.

तेव्हापासून नियमच झाला. आबांनी कानाला लावून बटण दाबल्याशिवाय कुठल्याही कॅमेऱ्याचा सौदा पक्का करायचा नाही.

*

एकदा एक झुळझुळीत कपड्यातले शेठ जर्मन फोल्डिंग कॅमेरा घेऊन आले. “कपाटातून बाहेरच काढला नाही. अगदी कोरा!” असं तीनदा म्हणाले.

आबांनी फिल्म सरकवायची किल्ली कानाशी धरून हळूच फिरवली.

“शेठ, हाऊ डुमसले जाई येल शे.”

डुमस म्हणजे सुरतेचा समुद्रकिनारा. शेठ उखडले. मग सरांनी कॅमेरा उघडून टेबलावर हलकेच झटकला, तर चिमूटभर काळी वाळू पडली! शेठ म्हणाले, “एकदाच नेला होता हो. मुलं ऐकेनात.”

*

सोनवणे सरांची वेगळीच अडचण. नवा कॅमेरा घेतला की घरी सांगायचे, “तोच आहे, साफ करून आणला.” असं त्यांनी सात कॅमेऱ्यांच्या बाबतीत केलं होतं.

एका रविवारी वहिनीच स्टुडिओत आल्या. सरांच्या हातातला कॅमेरा घेऊन त्यांनी सरळ आबांपुढे धरला. “आबा, हा तोच का हो?”

सर आबांना डोळ्यांनी विनवण्या करत होते. आबांनी कॅमेरा कानाला लावला. बटण दाबलं. पुन्हा दाबलं.

“वहिनी, मी मना कानवर पोट भरस. खोटं कसं बोलू? हाऊ नवा शे.”

त्या दिवशी सरांना कुणीही चहा विचारला नाही. हसण्यातून सवड कुणाला होती! पण आबांबद्दल मला तेव्हा जे वाटलं ते आजही वाटतं. इतका सरळ माणूस आमच्यासारख्या लबाडांत कसा रमला, देव जाणे.

*

पुढचा किस्सा हसण्यासारखा नाही.

आबांनी पास केलेला एक कॅमेरा घेऊन सर कोसाडला भाचीच्या लग्नाला गेले. फोटो आले ते सगळे हललेले. शटर जेवढं लिहिलं होतं त्याच्या निम्म्या वेगानेही चालत नव्हतं. आबांच्या लक्षात आलं नव्हतं.

“माझाच हात हलला,” सर म्हणाले. दोन्ही पाय रोवून, श्वास धरून फोटो काढणारा माणूस तो!

पुढच्या रविवारी आबांनी कॅमेरा उजव्याऐवजी डाव्या कानाला लावला. आम्ही तिघांनी पाहिलं, आणि तिघंही चहाच्या कपात बघत बसलो.

सरांनी गळ घालून त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, लूमचा आवाज कान खातोय, काम सोडा. आबा बाहेर येऊन म्हणाले, “कान वाचाडू का घर चालाडू?”

जयेशभाई म्हणाले, “आबा, स्टुडिओत बसा. रिपेरिंग करा. मने माणूस जोईएच छे, हवाच आहे.”

“जोवर माले ऐकू येस, तोवर येसू,” आबा म्हणाले. “नुसता बसाले नही.”

*

त्यानंतर आबा निकाल दिल्यावर हळूच विचारू लागले, “बरोबर ना?” आणि आम्ही तिघं एका सुरात म्हणायचो, “बरोबर, आबा!” मग तो कॅमेरा मी घरी नेऊन गुपचूप रोल घालून तपासायचो. कधी आबा बरोबर असत, बरेचदा नसत. पण ते दर रविवारी येत राहिले, आणि आम्हाला तेवढंच हवं होतं. आपण फार शहाणपणा केला असंही मला वाटायचं.

सहा महिने असे गेले.

मग अमरोलीहून एक गृहस्थ वडिलांचा कॅमेरा विकायला घेऊन आले. शेजारचं लूमचं खातं त्या दिवशी बंद होतं. जयेशभाईंनी पंखाही बंद केला. आबांनी कॅमेरा डाव्या कानाला लावला, डोळे मिटले आणि बटण दाबलं. पुन्हा दाबलं.

“वाह!” जयेशभाई म्हणाले.

“छान वाजतोय,” सर म्हणाले.

“बरोबर, आबा,” मी म्हणालो.

आबांनी डोळे उघडले. कॅमेरा दोन्ही हातांनी जपून टेबलावर ठेवला. त्यांचा चेहरा उतरला होता. “आज माले काहीच ऐकू उनं नही,” ते म्हणाले. “कान गया मना. आते मी येवाव नही.”

ते चपला घालायला वाकले. तेवढ्यात ते गृहस्थ गोंधळून म्हणाले, “अहो, पण तो वाजतच नाही! शटर दोन वर्षं अडकलंय. म्हणून तर विकायला काढला.”

आबा वाकलेलेच राहिले. मग सावकाश सरळ झाले आणि आमच्याकडे, एकेकाकडे, बघत म्हणाले,

“मंग सहा महिनापाइन तुम्ही काय ऐकी राहिनात?”