घाडीकाकांचे मागचे तीन फूट

घाडीकाका कुणाच्याही घरी गेले की आधी भिंत वाजवायचे. चप्पल काढायची, "येव काय?" म्हणत आत शिरायचं आणि उजव्या हाताच्या बोटाचं पेर भिंतीवर टकटक आपटायचं. कान देऊन आवाज ऐकायचा आणि तोंड वाकडं करायचं. "खरी आसा," असं म्हणायचे, आम्ही त्यांना भेसळीचं दूध पाजल्यासारखं. माझी बायको मेधा लग्न होऊन नवीन आली तेव्हा तिला वाटलं, म्हातारा वाळवी शोधतोय. तिने घाबरून दुसऱ्याच दिवशी औषध मारणाऱ्याला बोलावलं.

मुलुंड पूर्वेला आमची तीन मजली, बिनलिफ्टची बिल्डिंग. मी पहिल्या मजल्यावर, घाडीकाका तिसऱ्या. मूळ मालवणकडचे. वडील गिरणीत होते, पण यांनी लहानपणीच हातात हातोडी घेतली आणि चाळीस वर्षं नाटकांचे सेट ठोकले. रंगमंचावर जो दिवाणखाना दिसतो ना, जिना, देवघर, खिडकीबाहेरचं निळं आभाळ, ते सगळं दोन तासांत उभं करायचं, आणि प्रयोग संपला की वीस मिनिटांत सोडवून टेम्पोत घालायचं, हा यांचा धंदा. त्यामुळे जी भिंत उचलून टेम्पोत घालता येत नाही तिच्याबद्दल त्यांना काडीचा आदर नव्हता. "हालवूक येणा नाय ती कसली भिंत?" असं ते सोसायटीच्या मीटिंगमध्ये बिल्डरच्या माणसाला तोंडावर म्हणाले होते. तो बिचारा काँक्रीटची गॅरंटी देत होता.

काकी, म्हणजे त्यांची बायको, वेगळ्याच मुशीतली. बोलणं तिखट, हात त्याहून तिखट. गुडघे गेले आणि तीन जिने तिला भारी झाले. दीड वर्ष ती खाली उतरली नव्हती. खुर्चीत बसवून खाली नेतो म्हटलं तर म्हणायची, "मी काय गणपती आसंय?" बाल्कनीतून भाजीवाल्याशी भांडण, टीव्हीवर सिनेमे, एवढंच तिचं जग उरलं होतं. आणि सिनेमे तरी कसले? दक्षिणेकडचे, हिंदीत डब केलेले. कुऱ्हाडी चालताहेत, जीपगाड्या हवेत उडताहेत, आणि काकी पोहे निवडत शांतपणे बघते आहे. "ह्या सगळा खोटा," असं घाडीकाका कुरकुरायचे. जन्मभर कापडाचं आभाळ टांगणारा माणूस हे बोलतो म्हणजे कमाल आहे.

काकीची एक जुनी तक्रार होती. ती मला त्यांच्या घरच्या प्रत्येक चहाबरोबर मिळायची. "नाटकाचे दोन पास मिळत. एका खुर्चीर मी, दुसऱ्या खुर्चीर माझी पर्स. हे आपले विंगेत. चाळीस वर्सां मी एकट्यान बघलंय." काका त्यावर नखातला फेविकॉल काढत बसायचे.

आणि अशात एके दिवशी त्यांनी जाहीर केलं, की आतल्या खोलीत थेटर बांधणार.

मी म्हटलं, "काका, डोकं ठिकाणावर आहे का? बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार, पाडणार आहेत."

"कधी?"

"वर्षभरात. फार तर दीड."

"वरीस?" त्यांचे डोळे मोठे झाले. "अरे, मी तीन तासांसाठी घरां बांधलंय. वरीस म्हणजे खूप झाला."

काकीने मात्र अट घातली. ती स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "बांधा काय ता. पण पडदो उघाडलो की माझ्या बाजूक बसूचा. अख्खो सिनेमा. हालूचा नाय. जमत नसात तर खिळो पण ठोकू नकात."

"बसतंय," काका म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले की मला तेव्हाच शंका आली.

मग आम्हां सगळ्यांची वाट लागली. आम्ही म्हणजे मी, शेजारच्या गल्लीतला इलेक्ट्रिशियन संत्या, ठाण्याला राहणारी काकांची मुलगी नीता आणि दुसऱ्या मजल्यावरचे शहाभाई. नीताने प्रोजेक्टर आणला. संत्याने वायरी ओढल्या. खुर्च्या आणायला काका मला गोवंडीला भंगाराच्या गोदामात घेऊन गेले. कुठल्याशा बंद पडलेल्या टॉकीजच्या लाल खुर्च्या तिथे धूळ खात पडल्या होत्या. चार खुर्च्यांची एक रांग, लोखंडी पट्टीने जोडलेली. मी म्हटलं, सोडवून सुट्या नेऊ. काका म्हणाले, "जोडलेली रांग तोडतत काय रे?" परिणामी ती रांग आमच्या जिन्याच्या दुसऱ्या वळणावर अडकली ती अडकलीच. दीड दिवस शहाभाईंच्या दारात पडून होती. शहाभाई सकाळी बाहेर आले, मधल्या खुर्चीत बसले, पेपर उघडला आणि म्हणाले, "अरे घाडीकाका, राहू दे ना इथेच. एकदम मस्त हवा येते." काकांनी शेवटी आमच्या जिन्याचा कठडा खोलला, रांग वर नेली आणि कठडा परत बसवला. सेक्रेटरीला आजतागायत पत्ता नाही.

पडदा मढहून आला. निवृत्तीनंतर काका तिथल्या बंगल्यांवर सिरियलींची किरकोळ सुतारकामं करायचे. तिथे एक मालिका संपली आणि तिच्या दिवाणखान्याचा मरून मखमली पडदा फुकट मिळाला. त्याच पडद्याआड उभं राहून एका सासूने सहाशे भाग सुनेविरुद्ध कारस्थानं केली होती. मेधाने तो ओळखला आणि हात लावून नमस्कार केला.

आता खोली किती? दहा बाय बारा. पडदा लागला, दोऱ्या लागल्या, कप्प्या लागल्या, मखमल दोन्ही बाजूंना झकास सरकू लागली. आणि मग मी टेप घेऊन माप काढलं. मागची भिंत आणि सिनेमाचा पांढरा पडदा यांच्यात घाडीकाकांनी तब्बल तीन फूट मोकळे सोडले होते. दहा बाय बाराच्या खोलीत! त्यामुळे पडदा इतका पुढे आला होता की खुर्चीत बसून पाय लांब केला तर त्याला लागावा. शिवाय दोन्ही बाजूंना दीड-दीड फुटाच्या विंगा. सिनेमाला उरली जागा ती जुन्या टीव्हीपेक्षा जेमतेम टॉवेलभर मोठी.

"काका, हे मागे काय आहे?"

"मागे जागा नको? काय अडाकला तर माणसान जावचा खयसून?"

"अहो, सिनेमा आहे. मागे काही नसतं. मागे भिंत असते."

काकांनी माझ्याकडे फार कीव येऊन बघितलं. "मगे नाटक येतला खयसून?"

आम्ही चौघांनी मिळून समजावलं. नीता रडकुंडीला आली. संत्या म्हणाला, "काका, टेन्शन नको, एका तासात पडदा मागे घेतो." काकांनी हातोडी हातात घेतली आणि संत्याने पक्कड खिशात घातली. मागचे तीन फूट राहिले.

दर रविवारी दुपारी चारचा खेळ ठरला. पहिल्या रविवारी काकी नवी साडी नेसून आली, रांगेतल्या दुसऱ्या खुर्चीत बसली, पर्स मांडीवर ठेवली आणि पहिल्या खुर्चीवर हात आपटून काकांना बसवलं. मखमल सरकली. हिरो जीपमधून उतरला. काका चार मिनिटं बसले. मी घड्याळ लावलं होतं. मग पुटपुटले, "डावी कप्पी वाजता," आणि उठून मागे गेले. परत आलेच नाहीत.

त्यानंतर दर रविवारी तेच. कधी दोरी सैल, कधी खिळा वर आलेला, कधी नुसतंच "बघान येतंय." मागच्या तीन फुटांत त्यांनी एक स्टूल ठेवलं होतं, त्यावर बसायचे आणि सिनेमा उलट्या बाजूने बघायचे. मध्येच हलले की कोपर पांढऱ्या पडद्याला लागायचं आणि हिरोच्या गालावर टेंगूळ उठायचं. काकी ओरडायची, "अवो, तेच्या तोंडातसून भायर येवा." आम्ही हसून हसून लोटपोट. पण एकदा हसताना माझं लक्ष गेलं, काकी हसत नव्हती. शेजारच्या खुर्चीवर तिने पर्स ठेवली होती. मला तेव्हा काकांचा खरंच राग आला. एवढं एक साधं मागणं बाईचं, आणि हा माणूस बूड टेकू शकत नाही म्हणजे काय?

मी त्यांना जिन्यात गाठून झापलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "माका समोरसून बघूक जमणा नाय रे. मी फुडे बसलंय तर मागे कोण बघतला?"

पाच महिने गेले. आणि एका रविवारी काका बसले. चार मिनिटं झाली, दहा झाली, अर्धा तास झाला. मी संत्याला कोपराने ढोसलं, "बघ, सुधारला म्हातारा." शहाभाईंनी मागे वळून मला अंगठा दाखवला. तेवढ्यात पंख्याच्या वाऱ्याने डावी मखमल सुटली आणि सरकत येऊन मध्येच अडकली. हिरो अर्धा दिसेनासा झाला. कप्पी कुईकुई करत होती. मी काकांच्या उठण्याची वाट बघितली. ते उठले नाहीत. मला वाटलं, काय जबरदस्त संयम.

काकीने रिमोट दाबून सिनेमा बंद केला.

"दिवो लाव," ती संत्याला म्हणाली. आवाज अगदी हळू होता. "पडदो अडाकलो आणि हे उठाक नाय. गाडी बोलवा."

दिवा लागला. काकांचा शर्ट घामाने चिंब होता. डावा हात मांडीवर नुसता पडला होता. ते काकीकडे बघून काहीतरी बोलायचा प्रयत्न करत होते. आम्ही त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत घालून तीन जिने उतरवले. खाली पोचलो, रिक्षात बसवलं, मागे बघितलं तर काकी. कठडा धरून, एकेका पायरीवर बसत, साडीला जिन्याची धूळ लागलेली, ती एकटी तीन मजले उतरून आली होती. कुणाच्या लक्षातच आलं नाही.

काका चौथ्या दिवशी गेले. मधले तीन दिवस काकी त्यांच्या खाटेशेजारच्या स्टुलावर बसून होती. नर्स वेळ संपली म्हणायच्या, काकी ऐकायची नाही. शेवटी नर्सनीच सांगायचं सोडलं.

तेरावं झालं. पुढच्या रविवारी काकीने आम्हांला चार वाजता वर बोलावलं. मला वाटलं, थेटर उतरवायचं असेल. बघतो तर ती आपल्या खुर्चीत बसलेली. संत्या मागे जाऊन दोरी नीट करून आला. आम्ही बसलो. शेजारच्या खुर्चीवर तिने नीताला बसवलं होतं.

"उगाच हट्ट केलंय मी," ती समोर बघत म्हणाली. "चाळीस वर्सां बाजूची खुर्ची रिकामी होती, पण माका कधी एकटा वाटाक नाय. हे मागे आसत, ह्या म्हायत होता. आता मागे कोण नाय."

नीताने तिचा हात धरला. काकीने तो सोडवून घेतला, डोळे पुसले आणि संत्याला म्हणाली, "लाव रे. कुऱ्हाडवालो लाव."

मखमल सरकली. आम्ही पाचही जण पूर्ण सिनेमाभर जागचे हललो नाही. पडदा कुठेही अडकला नाही, आणि मला घाडीकाकांची भयंकर आठवण येत राहिली.