खोट्या लेबलांचे फ्रिज

ती दुपार मी अजूनही विसरलेलो नाही. वाशीम जिल्ह्यात मी ठाणेदार होतो. रिसोडला आइस्क्रीमच्या एका दुकानात फ्रिजचा स्फोट होऊन दुकान चालवणाऱ्या बाईंचे दोन्ही हात भाजले होते. पंचनाम्यात आम्ही अपघात म्हणून नोंद केली. दुसऱ्या दिवशी शिरपूरचा एक फ्रिज मेकॅनिक स्वतःहून ठाण्यात आला.

“साहेब, त्याच्यात सैपाकाचा गॅस भरेल होता. जळणारा गॅस वापराचा असंन, तं मशीनच तसं बनवा लागते. ठिणगी पडणारा भाग अलग ठेवा लागते. हे जुनं मशीन हाय, वरचं वीजबचतीचं स्टार लेबल बी खोटं.”

या खबरीवरून तो फ्रिज विकणाऱ्या रिसोडच्या दुकानदाराला आम्ही ताब्यात घेतलं. पन्नाशीचा, शांत माणूस. दुकानात खोट्या लेबलांचा गठ्ठा सापडला. लेबलं कुणी छापली, गॅस कुठून आणला, मी विचारत राहिलो. “मले काही मालूम नाही,” एवढंच उत्तर.

ताब्यातला माणूस सहसा स्वतःचं विचारतो. सुटका कधी, वकील कधी. हा मात्र तीन तासांत तीनदा म्हणाला, “साहेब, रिठदची लाइट आली का?”

जवळच्या रिठद गावाला सकाळपासून वीज नव्हती. मी फाइल मिटली. “रिठदला कोण आहे तुझं?”

त्याला रडू फुटलं. “पोरगी हाय. तिच्या घरी बी तसाच फ्रिज देल्ला. गॅस गळत असंन अन् लाइट येऊन ठिणगी पडली तं...”

“मग तिला कळवलं का नाहीस?”

“कळवलं असतं तं गुन्हा कबूल केल्यावानीच झालं असतं, साहेब.”

रिठदची लाइन चालू करू नका, हे वीज कार्यालयाला सांगायला मी हवालदाराला बसवलं आणि दुकानदाराच्या मुलीला फोन लावला. दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा तिनं उचलला, तसा मी फोन बापाच्या हातात दिला.

“बाई, लेकरं घेऊन बाहीर नीघ. कोणत्याच बटनाले हात लावू नको.”

“बाबा, घरात सकाळपासून वास येऊन राह्यला,” ती म्हणाली.

जीप पोचली तेव्हा ती दोन लेकरांना कवटाळून रस्त्यापलीकडे उभी होती. त्यानंतर त्या माणसानं न विचारता आणखी सात घरं सांगितली. दिवस मावळायच्या आत सगळे फ्रिज आम्ही उघड्यावर काढले. कुणालाही इजा झाली नाही. पुढे त्याला शिक्षा झाली.

वरिष्ठांनी तपासाचं कौतुक केलं, पण मला ते तीन तास खुपतात. फ्रिज कसा बनवावा, त्यावर काय लिहावं, हे नियम मला कागदी वाटायचे. मी कबुली आणि कलमं शोधत बसलो होतो. आत्ता धोक्यात कोण आहे, हा पहिला प्रश्न होता. त्या दिवशी माझ्या ठाण्यात तो प्रश्न फक्त आरोपी विचारत होता.