नदीकडे तोंड करून

वीर स्टेशनवरून मला नेहमी तेच रिक्षावाले काका महाडला आणतात. बोलणं कमी, विचारलेल्याचं उत्तरही मान कलती करून, आधी दुसरंच काही ऐकत असल्यासारखं करून देतात. मे महिन्यात सावित्री नदीकाठच्या मैदानावर शास्त्रीय वाद्यवृंदाचा कार्यक्रम झाला. तिथे ते माझ्याशेजारीच बसले, पण मंचाकडे पाठ करून, खुर्ची सावित्रीकडे वळवून.

"काका, वादक इकडे आहेत," मी म्हणालो.

"तिकडं पन वाजवतायत."

पलीकडच्या काठावर नुसती झाडी होती. भूप संपला, टाळ्या सुरू झाल्या. काकांनी माझे हात धरले.

"थांबा. त्यांचं संपलं नाय अजून."

टाळ्या विरल्या. नदीपलीकडून व्हायोलिनचा सूर सावकाश उतरत आला आणि षड्जावर थांबला. मग काकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, पण तिकडे बघायचा धीर झाला नाही.