भरल्या गाडीवरचं उत्तर

अकोटचा गाडीवान सकाळीच अकोल्याच्या बाजारात आला होता; पण दवाखान्याची पायरी तो चढला दुपारी, कापूस विकून गाडी रिकामी झाल्यावर. "गंगूमाय गेली, सायेब," म्हणाला. "चार रोज झाले. ताप होता." त्या दुपारला आता महिना होत आला...

गंगूबाई अकोटची सुईण. मी इथला नेटिव डॉक्टर, अमरावतीच्या भिक्षुकाघरचा. चाकू चालवायला शिकलो होतो, पण शेतकऱ्यांच्या बायका माझ्यापुढं तोंडसुद्धा उघडत नसत. छातीत गाठ झालेल्या बायकांना गंगूबाईच समजावून, हाताला धरून आणायची. क्लोरोफॉर्मचा रुमाल तीच बाईच्या नाकाशी धरायची, आणि वर दटावायची मलाच, "कावून थांबले, सायेब? चालवा चाकू!"

जखम भरली की बाई घरी जाई आणि वहीत 'बरी झाली' असा शेरा पडे. पुढं तिचं काय झालं, हे कळावं असं मला फार वाटे. त्या वर्षांत विलायतेत कापसाला असा भाव होता की साऱ्या वऱ्हाडाच्या गाड्या अकोल्यात लोटत. मी बाजारात उभा राहून त्या त्या गावच्या गाडीवानाला विचारी. प्रत्येकजण मान हलवून सांगे, "बरी हाये." मी लिहून घेई. दोन हंगाम मी हवेत होतो, खोटं कशाला सांगू!

मग माझ्या धाकट्या बहिणीला, कृष्णेला, तशीच गाठ आली. वही उघडून मी म्हणालो, "घाबरू नकोस, सगळ्या बऱ्या आहेत." गंगूबाईनं मला खुणेनं बाहेर बोलावलं. बाहेर आल्यावर कडाडली, "भरल्या गाडीवर बसून मेल्याचं नाव कोनी घेते काय, सायेब? अपशकुन होते! कापूस इकेपर्यंत साऱ्याच बऱ्या असतेत!"

मी वही मिटली. या वहीच्या भरवशावर मी सख्ख्या बहिणीवर चाकू धरणार होतो.

मग गंगूबाई स्वतः निघाली. गावोगाव, थेट चुलीपर्यंत जाऊन विचारून आली. बहुतेकजणी गेल्या होत्या. कृष्णेला यातलं काही सांगू नकोस, असं मी विनवलं. "कावून? जीव तिचा हाये," म्हणत ती सरळ आत गेली आणि एकेकीचं सांगत बसली. कृष्णा रडली. मग तिनं जे विचारलं ते डॉक्टर असून मला सुचलं नव्हतं: "ज्या जगल्या, त्यांच्या गाठी केवढ्या होत्या?"

"सुपारीएवढ्या. लवकर आल्या होत्या त्या. तुयी बी तेवढीच हाये, माय. पन मी वचन नाही देत."

कृष्णेनं रात्रभर विचार केला आणि सकाळी स्वतःच होकार दिला. ती आजही आहे. मी तिला बरी म्हणत नाही, आहे म्हणतो. गंगूबाई मात्र दरसाल त्या बायकांच्या घरी जातच राहिली, आणि ती जी बातमी आणी तीच मी लिही.

परवा अंजनगावाकडची एक बाई आली. मी ओळखलं नाही.

"गंगूमाय यंदा आली नाही," ती म्हणाली. "मंग तुमाले कसं कळन? म्हून मीच सांगाले आली. जिती हाये मी."

मी वही उघडून तिचं नाव विचारलं. तिच्या मागं पायरीवर आणखी दोघी बसल्या होत्या. त्याही तेवढंच सांगायला आल्या होत्या.